साक्ष कोणाची, संदर्भ कशाचा?

आपल्या विद्यालयातील आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांनी विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशाविषयी एक श्राव्यमालिका, आजच्या भाषेत पॉडकास्ट, तयार करावी असे ठरले आहे. मालिका व्हावी यावर एकमत आहे. ती कशी असावी यावर मात्र नाही. काही शिक्षकांना ती मार्गदर्शनपर हवी आहे: खाते कसे उघडावे, लेख कसा शोधावा, चित्र कसे चढवावे. काहींना विषयच पटलेला नाही. ज्या ठिकाणी कोणीही येऊन काहीही लिहितो त्याचे कौतुक शाळेने का करावे, असा त्यांचा सवाल आहे. आणि काही ज्येष्ठ हितचिंतकांचे म्हणणे असे की, मुलांचा एवढा वेळ आणि उत्साह खर्ची पडणार असेल तर मालिका बाबासाहेबांच्या चरित्रावरच करावी. तिन्ही मतांत तथ्य आहे. परंतु नियोजनाचे काम आमच्याकडे आले असल्याने या स्मरणिकेत आमचे मत स्पष्टपणे मांडणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: ही मालिका संगणकाविषयी नसावी, ती साक्षीपुराव्याविषयी असावी. प्रत्येक भागाच्या मुळाशी एकच साधा प्रश्न असावा, ‘हे तुला कसे कळले?’ ज्या समाजाचा इतिहास शतकानुशतके दुसऱ्यांनी लिहिला किंवा मुळीच लिहिला नाही, त्या समाजातील मुलांना हा प्रश्न दुसऱ्याला विचारता आला पाहिजे आणि स्वतःलाही.

मार्गदर्शनपर भागांना आमचा विरोध तत्त्वाचा नाही, माध्यमाचा आहे. कानाला बटण दिसत नाही. ‘उजव्या कोपऱ्यात वर जा, तेथे अमुक खूण दिसेल’ हे ऐकून कोणाला काही शिकता येत नाही. ते संगणक कक्षात दहा मिनिटे शेजारी बसून शिकवावे. आवाज ज्याला साधतो ते वेगळे आहे: कथन, शंका, वाद, एखाद्या वृद्धाच्या बोलण्यातला थांबा. आपल्या मुलांना ऐकण्याची सवय नवी नाही. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासाच्या काळात विहाराविहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे जाहीर वाचन होते. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी वृद्ध उठून विचारतो. श्राव्यमालिका म्हणजे याहून फार निराळे काही आहे असे आम्हांस वाटत नाही.

विकिपीडियाची ओळख करून देणारा भाग अर्थातच हवा. पण त्यात फार रेंगाळू नये. अमेरिकेत जिमी वेल्स आणि लॅरी सँगर यांनी १५ जानेवारी २००१ रोजी तो सुरू केला. त्याआधी त्यांनीच न्यूपीडिया नावाचा दुसरा ज्ञानकोश काढला होता. त्यात तज्ज्ञांनी लिहायचे आणि लेख सात टप्प्यांच्या तपासणीतून पार पडायचा, अशी व्यवस्था होती. पहिल्या वर्षात दोन डझनही लेख पूर्ण झाले नाहीत. जो पूरक म्हणून काढला, ज्यात कोणीही लिहावे आणि कोणीही सुधारावे अशी मोकळीक होती, तोच जगभर पसरला. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला. आज इंग्रजीत साठ लाखांहून अधिक लेख आहेत, मराठीत लाखाच्या आसपास. ही तफावत मुलांना जरूर सांगावी. मात्र ती लाज वाटावी म्हणून नव्हे, तर काम शिल्लक आहे हे कळावे म्हणून.

मराठीला ज्ञानकोशाची परंपरा नाही असेही नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले, तेही शासनाच्या आधाराविना. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ साली आला. या थोर कार्यांपुढे आम्ही नम्र आहोत. पण या दोन्ही ठिकाणी लिहिणारे निवडलेले होते, निमंत्रित होते. विकिपीडियात निमंत्रण लागत नाही. वसतिगृहातील आमच्या मुलीला त्यात एक वाक्य जोडावयाचे असेल तर तिला जात, पदवी, गाव, वय यांपैकी काहीच सांगावे लागत नाही. तिला फक्त एक गोष्ट विचारली जाईल आणि ती विचारलीच पाहिजे: संदर्भ काय?

पहिला भाग कोठून सुरू करावा, याविषयी आमची निश्चित सूचना आहे. तो कार्ल्याच्या चैत्यगृहातून सुरू करावा. दरवर्षी सहल तेथे जाते, मुले खांबांपाशी उभी राहून छायाचित्रे काढतात. त्या खांबांवर ब्राह्मी लिपीत जे कोरले आहे ते फार थोडे जण वाचतात. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल याने शैलगृह पूर्णत्वास नेल्याचा लेख तेथे आहे, हे खरे. मोठ्या दात्याचे नाव नेहमीच ठळक राहते. पण एकेक खांब, एकेक दरवाजा निरनिराळ्या माणसांचे दान आहे. धेनुकाकट येथील गंधिक सिंहदत्त, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, याने एका दरवाजाचे दान दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी भागाचे काम केल्याची नोंद आहे. यवन म्हणवणाऱ्यांची दाने आहेत. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा तो सोपाऱ्याचा सतिमित. त्याने एक खांब दिला आणि त्याची ओळख तेथे ‘भाणक’ अशी कोरली गेली. भाणक म्हणजे धम्मवचने मुखोद्गत ठेवून ती म्हणून दाखवणारा. छापखाना नाही, कागद नाही, अशा काळात ज्याच्या कंठात ग्रंथ राहत असे तो मनुष्य.

एवढे भव्य चैत्यगृह एका राजाने एकट्याने उभे केले नाही. अनेकांनी आपापला वाटा घातला आणि कोणी काय दिले याची नोंदही दगडात ठेवली. विकिपीडियाच्या प्रत्येक लेखावर ‘इतिहास’ नावाची एक कळ असते. ती दाबली की कोणी, कोणत्या दिवशी, कोणता शब्द घातला किंवा काढला ते दिसते. दान आणि दात्याची नोंद, हीच ती रीत. मुलांना विकिपीडिया समजावण्यासाठी दूरदेशीचे दाखले शोधण्याची गरज नाही.

जाता जाता शब्दांविषयी. मराठी विकिपीडियावर सराव करण्याच्या पानाला ‘धूळपाटी’ म्हणतात. ज्यांनी हा शब्द योजला त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवायचे, चुकले की हात फिरवायचा; चुकण्याला जागा देणारी ती पाटी. आमच्या मते एक संपूर्ण भाग या एका शब्दावर होऊ शकेल, कारण आमच्या पूर्वजांच्या हाती ती पाटीसुद्धा येऊ दिली गेली नव्हती. दुसरा शब्द ‘चावडी’. सर्वांनी मिळून धोरणांची चर्चा करावयाच्या पानाला तेथे चावडी म्हणतात. शब्द अस्सल आहे, पण आमच्यापैकी अनेकांच्या मनात तो ऐकताच दुसरे चित्र उभे राहते. आमच्या आजोबा-पणजोबांना चावडीवर हजर राहावे लागे. सांगावा पोचवावा लागे, सरकारी माणसाचे सामान वाहावे लागे, आणि तेथे बसण्याचा मान मात्र नव्हता. ती कनिष्ठ गावकी वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे फार जुनी गोष्ट नव्हे. हा शब्द बदला असे आम्ही म्हणत नाही. उलट मुलांनी त्या चावडीवर जाऊन बसावे, बोलावे आणि आपल्या बोलण्याखाली सही करावी. एका भागात एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या आजोबांना ‘चावडी म्हटल्यावर तुम्हाला काय आठवते’ एवढेच विचारावे.

आता मुख्य मुद्दा. विकिपीडियाची मजकुराविषयीची तीन मुख्य धोरणे सांगितली जातात: तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीची शक्यता आणि मूळ संशोधनाला मज्जाव. पहिल्यावर आपल्याकडे गैरसमज फार. तटस्थ म्हणजे अन्याय आणि न्याय यांच्या मधोमध उभे राहणे, असे अनेकांना वाटते व मग ते चिडतात. तसे नाही. तटस्थ लेखनात लेखकाने विशेषणे मागे घ्यावयाची असतात, तथ्ये नव्हेत. ‘महामानवाने ऐतिहासिक क्रांती करून मनुवाद्यांच्या छातीत धडकी भरवली’ हे वाक्य व्यासपीठावर शोभते. ज्ञानकोशात लिहावे लागते ते असे: २० मार्च १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. पुढे तळ्याचे शुद्धीकरण करण्यात आले. या वाक्यात एकही विशेषण नाही. पण माणूस प्यायल्याने तळे बाटले असे मानणारा समाज त्या तीन तुकड्यांत जितका उघडा पडतो तितका दहा विशेषणांनी पडत नाही. आमच्या मुलांना हे कळणे हा भाषेचा धडा आहे आणि नीतीचाही. जयंतीच्या भाषणांतून, आणि खरे सांगायचे तर स्मरणिकांतूनही, विशेषणांची रेलचेल असते व तारखा शोधाव्या लागतात. पन्नास वर्षांनी कोणाला उपयोग होईल तो तारखेचा.

यावर आक्षेप येतो की, श्रद्धेच्या विषयात संदर्भ मागणे हा अनादर आहे. याला उत्तर म्हणून एक हकिकत मालिकेत यायलाच हवी. बाबासाहेबांचा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील मजकूर कोणत्या पाली ग्रंथातून घेतला याचे तपशीलवार संदर्भ त्यात नव्हते, आणि त्यावरून टीका झाली. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला तेव्हा त्यांनी काय केले? टीकाकारांना दूषणे देत ते बसले नाहीत. त्यांनी मूळ पाली साहित्य धुंडाळून संदर्भ शोधले आणि अनुवादात जोडले. कोणी हे काम अश्रद्धेचे म्हणेल काय? बाबासाहेबांच्या ग्रंथाची याहून मोठी सेवा ती काय असावी? आज विकिपीडियावर एखाद्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण दिसली की आपण रागावतो. ती खूण म्हणजे कौसल्यायनांचे काम करण्याचे निमंत्रण आहे, अशा दृष्टीने मुलांनी तिच्याकडे पाहावे.

धम्माच्या परंपरेत हा विवेक मुळापासून आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत विनय कोणी सांगितला? उपालीने, जो कपिलवस्तूच्या शाक्यांचा न्हावी होता. सुत्ते आनंदाने सांगितली, आणि प्रत्येक सुत्ताच्या आरंभी ‘हे मी ऐकलेले आहे’ या अर्थाची कबुली ठेवली गेली. शिवाय ते कोठे सांगितले गेले, कोणाला उद्देशून, हेही. महापरिनिब्बान सुत्तात तर तथागतांनी चार महापदेश सांगितले आहेत. कोणी भिक्खू म्हणेल, हे मी खुद्द भगवंतांकडून ऐकले. कोणी म्हणेल, अमुक विहारातील संघाकडून. कोणी बहुश्रुत थेरांकडून. कोणी एकाच थेराकडून. चौघांच्या बाबतीत उपदेश एकच: ते एकदम स्वीकारू नका, एकदम झिडकारूही नका, शब्द नीट लक्षात घ्या, सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहा, जुळले तर घ्या, न जुळले तर सोडा. बोलणारा कितीही मोठा असो, ताडून पाहणे चुकत नाही. पडताळणीच्या नियमासाठी याहून चांगला पाठ आम्हांस ठाऊक नाही, आणि तो मुलांना आधीच अर्धा येतो.

येथवर आम्ही विकिपीडियाचे वकीलपत्र घेतल्यासारखे वाटेल. तसे नाही. जेथे त्याचे नियम आमच्या माणसांना बोचतात तेथेच आमच्या मते मालिकेचा खरा गाभा आहे.

पडताळणी कशाने करावयाची? छापील पुस्तकाने, वृत्तपत्राने, नियतकालिकाने. बरे, ज्यांच्याविषयी कोणी छापलेच नाही त्यांचे काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो माणसे आली. त्यांतील किती जणांची नावे छापून आली? कोण कोणत्या गावाहून पायी निघाले, वाटेत कोणी भाकरी दिली, परत आल्यावर घरातील देव कोणी व कोठे विसर्जित केले, त्यानंतर गावाने कामधंदा बंद केला का, हे सारे माणसांच्या स्मरणात आहे. त्या दिवशी पंधरा-सोळा वर्षांची असलेली माणसे आज पंचाऐंशीच्या घरात आहेत. ज्ञानकोश म्हणतो, छापील संदर्भ आणा. आजी म्हणते, मी स्वतः तेथे होते. येथे नियम खोटा नाही आणि आजीही खोटी नाही. दोन्ही बाजू खऱ्या असूनही आजीची साक्ष ज्ञानकोशाबाहेर राहते, हा पेच आहे. आणि तो मुलांपासून लपवू नये.

हा पेच जगात इतरांनाही पडलेला आहे. २०११ साली अचल प्रभाला यांनी भारत आणि दक्षिण आफ्रिका या देशांत तोंडी संदर्भांचा एक प्रयोग केला. जे व्यवहार, जे खेळ, ज्या पाककृती लोकांना रोजच्या परिचयाच्या आहेत पण पुस्तकात नाहीत, त्यांविषयी जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करावयाच्या आणि त्या मुद्रणालाच संदर्भ म्हणून लेखाशी जोडावयाचे, अशी ती कल्पना. मल्याळम, हिंदी आणि उत्तर सोथो या भाषांत हे करून पाहिले गेले. विकिपीडियाने त्यावरून आपले नियम बदलले असे मात्र झाले नाही. मुलाखत हा मूळ स्रोत, तिच्यावरून लेखकाने स्वतः निष्कर्ष काढणे म्हणजे मूळ संशोधन, ही भूमिका कायम आहे. आणि त्या भूमिकेलाही कारण आहे: आज आमच्या आजीची ध्वनिफीत चालेल असे म्हटले, तर उद्या ‘आमच्या पूर्वजांनीच ही लेणी खोदली’ असे सांगणाऱ्या कोणाचीही ध्वनिफीत चालवावी लागेल.

मग मार्ग कोणता? तो आपल्याच चळवळीतील दोन स्त्रियांनी दाखवून ठेवला आहे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या मुलाखती घेऊन, ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. ते १९८९ साली प्रसिद्ध झाले, पुढे त्याचा इंग्रजी अनुवादही झाला. तोवर त्या स्त्रियांचे काम लोकांना माहीत होते, पण उतरलेले नव्हते. आज त्यांच्याविषयी कोणी ज्ञानकोशात लिहू पाहील तर त्याच्या हाती पुस्तक आहे, पृष्ठक्रमांक आहे. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्रासाठी कागदपत्रे आणि आठवणी गोळा केल्या, त्याचेही मोल तेच. तोंडी साक्ष आणि ज्ञानकोश यांच्यामध्ये एक पायरी असते. कोणीतरी ती साक्ष काळजीपूर्वक घेऊन, ताडून, नाव-गाव-तारखेसह छापावी लागते. आपल्याकडे नेमकी ती पायरी मोडकी आहे.

म्हणून आमची सूचना अशी की, श्राव्यमालिकेच्या निदान चार भागांत परिसरातील वृद्धांच्या आठवणी असाव्यात. पण त्या केवळ ऐकवून सोडू नयेत. प्रत्येक मुलाखतीचे शब्दशः लेखन व्हावे. आजोबांनी सांगितलेली तारीख जुन्या वृत्तपत्राशी, शाळेच्या दाखल्याशी, ग्रामपंचायतीच्या दप्तराशी ताडावी. तफावत दिसली तर ती दडपू नये. आजोबा असे सांगतात, कागद असे म्हणतो, हे दोन्ही लिहावे. या लेखनाची स्वतंत्र पुस्तिका निघावी, तिच्या प्रती जिल्हा ग्रंथालयात आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोचाव्यात. तिचा उपयोग ज्ञानकोशात होईल की नाही हे तेथील मंडळी ठरवतील. पण जिल्ह्याच्या चळवळीवर प्रबंध लिहिणाऱ्याला, एखाद्या पत्रकाराला ती सापडेल, आणि पुढचा संदर्भ तेथून निर्माण होईल. हे काम संथ आहे. धम्मवचने शेकडो वर्षे मुखोद्गत राहिली आणि मग सिंहलद्वीपात ताडपत्रावर उतरली, याची आठवण ठेवली म्हणजे संथपणाचा कंटाळा येणार नाही.

विद्यालयाविषयी विकिपीडियावर लेख लिहावा आणि त्याचीच कथा मालिकेत सांगावी, अशीही एक सूचना आली आहे. ती प्रेमापोटी आली आहे हे आम्ही जाणतो, तरी आमचा तिला विरोध आहे. आपल्याच संस्थेविषयी आपणच लिहिणे त्या ज्ञानकोशाच्या रीतीत बसत नाही, आणि बसत असते तरी मुलांना पहिलाच धडा आत्मस्तुतीचा का द्यावा? मुलांनी आपल्या तालुक्यातील नदीवर लिहावे, बाजारावर, लेण्यावर, बंद पडलेल्या गिरणीवर लिहावे.

वादाचा भाग एक तरी असावा, आणि तो दोन आवाजांत असावा. प्रत्येक लेखामागे एक चर्चा पान असते. लेख शांत दिसतो, भांडण तेथे चाललेले असते. शहराचे नाव शासनाने बदलले की लेखाचे शीर्षक केव्हा बदलावे? ‘नवबौद्ध’ हा शब्द सरकारी कागदांत सर्रास वापरला जातो आणि आपल्यापैकी अनेकांना तो खटकतो, कारण बौद्ध हा बौद्धच, त्याला नवा-जुना कसला. तर ज्ञानकोशाने कोणता शब्द घ्यावा? मुलांनी दोन्ही बाजू पुराव्यानिशी मांडाव्यात. ज्याला ‘नवबौद्ध’ शब्द मान्य नाही त्यालाच त्याच्या समर्थनाची बाजू द्यावी, असे आम्ही सुचवतो. प्रश्न विचारताच क्षणात गुळगुळीत उत्तर रचून देणारी यंत्रे आता प्रत्येकाच्या खिशात आली आहेत. त्या उत्तरामागे चर्चा पान नसते, हेही या भागात ओघाने यावे.

आवाजाविषयी एक आग्रह. मुलांनी प्रमाणभाषेचा मुखवटा चढवून बोलू नये. संहिता नेटकी असावी, पण वऱ्हाडी मुलाने वऱ्हाडी वळणानेच बोलावे, खानदेशच्या मुलीने तिच्या वळणाने. आकाशवाणीच्या निवेदकाची नक्कल ऐकण्यासाठी आम्ही ही मालिका काढत नाही. तसेच निम्मे आवाज मुलींचे असावेत. जगभर विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण फारच थोडे आहे आणि त्याचा परिणाम कोणावर लेख आहेत व कोणावर नाहीत यावर दिसतो. आपल्या मुलींनी पाहुण्यासारखे दोन वाक्यांपुरते येऊ नये, संपादनाची बाजूही त्यांच्याकडे असावी.

मुलांच्या आणि वृद्धांच्या संरक्षणाबाबत मात्र आम्ही तडजोड करणार नाही. विकिपीडियावर टोपणनावाने लिहिता येते; विद्यार्थ्यांनी टोपणनावच घ्यावे, वय, छायाचित्र, वसतिगृहाचा पत्ता यांतील काही देऊ नये. वृद्धांच्या बाबतीत अडचण सूक्ष्म आहे. ध्वनिमुद्रण मुक्त परवान्याखाली खुले केले की जगातील कोणीही, श्रेय देऊन, ते वापरू शकतो, कापू शकतो, विकूही शकतो. आणि एकदा दिलेला असा परवाना मागे घेता येत नाही. आजीला अंगठा उमटवायला सांगण्याआधी हे तिच्या भाषेत, तिच्या मुलांसमोर समजावून सांगितले पाहिजे. आमच्या माणसांचे अंगठे न वाचलेल्या कागदांवर पुष्कळ उमटले आहेत. तिने नको म्हटले तर मुद्रण विद्यालयाच्या कपाटात राहील, बाहेर जाणार नाही. काही आठवणींत गावातील हयात माणसांची नावे येतील. ती वगळण्याचा निर्णय सांगणाऱ्याशी बोलूनच घ्यावा.

राहिला बाबासाहेबांच्या चरित्रावर मालिका करा म्हणणाऱ्या हितचिंतकांचा प्रश्न. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्यानंतर ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’. आपल्या माणसांची बाजू दुसऱ्यांच्या पत्रांतून येणार नाही, ती आपणच लिहिली पाहिजे, हे ओळखून त्यांनी पुन्हा पुन्हा पदरमोड केली. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या मालिका अनेक आहेत, पुढेही होतील. वस्तीतील अमुक आजी १९५६ साली नागपूरला कशी गेली हे सांगणारी मालिका मात्र आपण केली नाही तर कोणी करणार नाही.

वेळापत्रकाविषयी शेवटचे. आराखड्यात ओळख, कार्ले, धूळपाटी, वाद आणि मग वृद्धांच्या मुलाखती असा क्रम आहे. ऐकवताना तो ठीक आहे. ध्वनिमुद्रणाचा क्रम मात्र उलटा असावा. कार्ल्याचे खांब थांबतील. जूनमध्ये शाळा भरताच पहिल्या पंधरवड्यात मुलाखतींसाठी घरांची यादी करावी, आषाढ पौर्णिमेपूर्वी निदान पाच घरी जाऊन यावे, आणि संहिता लेखनाला त्यानंतर बसावे. यंत्र एकच आहे. ते गॅदरिंगच्या तालमीसाठी कोणी मागू नये, एवढी विनंती आम्ही सांस्कृतिक मंडळाला आजच करून ठेवतो.